दोन सारखी यंत्रे

कार्यालयात सगळे त्यांना बाई म्हणत, आणि बाईंनी एकदा ‘तपासलंय’ म्हटले की ती काळ्या दगडावरची रेघ असे. ऑपरेटिंग सिस्टमचा अगदी आतला गाभा, ज्याला संगणकाच्या व्यवसायात कर्नल म्हणतात, तो त्यांच्याच नजरेखाली वाढलेला. त्यात एक ओळ घालायची तरी बाईंचा होकार लागे, आणि त्या होकारापेक्षा दगडाला पाझर फोडणे सोपे, असे हाताखालचे लोक त्यांच्या पाठीमागे म्हणत. बाईंना ते ठाऊक होते. त्यांना त्याचा थोडा अभिमानही होता.

त्या दिवशी शहराच्या रुग्णवाहिका कक्षाचे बिऱ्हाड हलवायचे होते. कक्षाची प्रणाली ज्या यंत्रावर चालत होती त्याची मेमरी दगा देऊ लागली होती. तेव्हा ती प्रणाली क्षणभरही बंद न करता, चालती-बोलती उचलून, नव्या यंत्रावर नेऊन ठेवायची. यालाच लाइव्ह मायग्रेशन म्हणतात. आणि त्याच कक्षात फोन घेणाऱ्यांत बाईंची धाकटी नणंद होती. दिवसभर तोंडाची टकळी चालू, म्हणून घरात तिला चिमणी हेच नाव पडलेले.

“मागच्या वेळी आमचं बिऱ्हाड हलवलंत, वहिनी,” सकाळी चहा घेताना ती म्हणाली होती, “तेव्हा पडद्यावर गाडी दिसेपर्यंत वाटायचं, आपणच चालत जाऊन ड्रायव्हरला निरोप द्यावा.”

“या वेळी तसं होणार नाही. मी तपासलंय.”

“मग मिटलंच. तुम्ही तपासल्यावर देवानंही पुन्हा बघू नये.”

मागच्या वेळच्या दुखण्याचे मूळ बाईंनी स्वतः शोधून काढले होते. यंत्रात अनेक प्रोसेसर असतात. काही एकाच ओट्यावर काम करणाऱ्या जावांसारखे, एकीने चिरलेले दुसरीच्या हाताशी. काही घराच्या दुसऱ्या टोकाला. कोण कोणाच्या शेजारी आहे, याचा नकाशा कर्नल सुरू होतानाच काढून ठेवतो आणि त्यावरून कामे वाटतो. पण झोपेत नव्हे, भर कामात घर बदलले, तर नव्या घरात जावा वेगवेगळ्या मजल्यांवर गेल्या आहेत हे त्याला कोण सांगणार? तो आपला जुन्या नकाशावर विसंबून एकीच्या हातचे दुसरीला देत राहतो, आणि प्रत्येक वाटी जिना चढते.

बाईंनी त्यावर उपाय लिहिला. नव्या घरी पोचताच कर्नलने सभोवार पाहावे; जागा बदललेल्या दिसल्या तर नवा नकाशा काढावा आणि काम न थांबवता जुन्याच्या जागी ठेवावा. मायग्रेशनच्या आदल्या दिवशी, प्रणाली अजून जुन्याच यंत्रावर असताना, तो त्यांनी चालू कर्नलमध्ये बसवलाही होता. प्रयोगशाळेतल्या दोन यंत्रांमध्ये प्रणाली शेकडो वेळा इकडून तिकडे नेली, एकदाही ठेच लागली नाही, तेव्हाच त्यांनी शब्द दिला होता.

दुपारी शेवटचा होकार द्यायला त्या यंत्रांच्या खोलीत गेल्या. तिथल्या व्यवस्थापकाला सगळे कुलूपराव म्हणत, कारण खोलीही बंद आणि तोंडही. ते बाईंच्या चाचणीच्या दोन यंत्रांपैकी एकाचा पंखा काढून दुसऱ्याला बसवत होते.

“बसतो का तो?” बाईंनी सहज विचारले.

“न बसायला काय झालं? जुळी आहेत.”

बाई थांबल्या. “आतूनही सारखीच?”

“स्क्रूसुद्धा सारखे.” कुलूपरावांनी मान वर केली. “तुम्हीच म्हणाला होता, सारखीच आणा, चाचणीत भेसळ नको.”

त्या खुर्चीवर बसल्या. उभे राहण्याची हट्टी सवय असलेली ती बाई बसली, हे पाहूनच कुलूपरावांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“अहो, मग घर बदललंच कुठं?” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “दर वेळी कर्नलनं पाहिलं असणार की सगळं जागच्या जागी आहे, आणि गप्प बसला असणार. माझा नकाशा एकदाही काढला गेलेला नाही. ते कागदावरचं पोहणं होतं.”

“मग वेगळं यंत्र आणू. दोन दिवस लागतील.”

“जुनं टिकेल दोन दिवस?”

“सकाळपासून दोनदा चुकलंय. मी हमी घेणार नाही.”

उपाय तसाच ठेवला आणि त्यात खोट निघाली, तर कक्ष जागीच थिजेल. तो काढून टाकला, तर मागच्यासारखी रखडपट्टी, आणि फोन तर आता दुपटीने वाढलेले. तिसरी वाट एकच होती: प्रणाली सरळ बंद करायची आणि नव्या यंत्रावर पहिल्यापासून सुरू करायची. सुरू होताना कर्नल नकाशा आपोआप काढतोच. पण तोवर शहरातली कोणती गाडी कुठे उभी आहे, हे कुणालाही दिसणार नव्हते.

बाईंनी नणंदेला फोन लावला. “चिमणे, आत्ता गर्दी कशी आहे?”

“निवांत आहे. का हो?”

“थोडा वेळ पडदे बंद ठेवावे लागतील. हातानं निभावून न्याल का?”

“पण तुम्ही तर तपासलं होतं ना?”

पलीकडे कुणाची तरी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाईंनी डोळे मिटले. “नीट तपासलं नव्हतं.”

चिमणीने थट्टा केली नाही. तिने वरिष्ठांना विचारले, आणि परत येऊन म्हणाली, “भिंतीवर शहराचा नकाशा आहे, रेडिओ आहे, आमची डोकी आहेत. करा बंद.”

काम सुरळीत पार पडले. नव्या यंत्रावर कर्नल उठला, त्याने सभोवार पाहिले, प्रत्येक प्रोसेसरला त्याच्या खऱ्या शेजाऱ्याजवळ मांडले, आणि पडदे उजळले. “झालं,” कुलूपराव म्हणाले. त्यांच्या हिशेबी हे भाषणच होते.

संध्याकाळी चिमणी घरी आली, हातपाय धुऊन जेवायला बसली आणि बोललीच नाही. बाईंनी भाजी वाढली, तरी नाही.

“काय झालं गं?”

“पडदे बंद होते तेवढ्यात एक फोन आला होता. म्हातारे गृहस्थ, श्वास लागलेला, सून बोलत होती. रेडिओवर जी गाडी आधी बोलली ती मी पाठवली.” तिने घास मोडला, पण उचलला नाही. “नंतर पडदा सुरू झाला, तेव्हा दिसलं. दुसरी गाडी त्यांच्या मागच्याच गल्लीत उभी होती.”

“पोचली ना पहिली?”

“पोचली. दवाखान्यात नेलं. पुढचं आम्हाला कुणी कळवत नाही, तुम्हाला माहीत आहे.”

दोन दिवसांनी वेगळ्या घडणीचे यंत्र आले. बाईंनी उपाय लावून चाचणीची प्रणाली त्यावर नेली. पहिल्याच फेरीत सगळे थिजले. जुना नकाशा कुणी वाचत असतानाच कर्नल तो फाडून टाकत होता; चूक बाईंच्याच एका ओळीत होती.

“म्हणजे त्या दिवशी सगळा कक्ष गेला असता,” कुलूपराव म्हणाले. “सांगा की घरी. मन हलकं होईल.”

कुणाचे, ते त्यांनी सांगितले नाही. बाईंनी रात्री जेवताना सांगितले. थोडक्यात सांगितले, स्वतःची चूक आधी आणि कक्ष वाचल्याचे नंतर.

चिमणीने सगळे ऐकून घेतले. “मग बरंच झालं, वहिनी. तुम्ही बंद केलंत ते.”

एवढे बोलून ती ताटे उचलून आत गेली. बाई तिथेच बसून राहिल्या, पुढच्या वाक्याची वाट पाहत. चिमणीचे बोलणे आजवर एका वाक्यात कधी संपले नव्हते. आत नळ सुटला, भांडी एकेक करून लागत गेली, मग नळही बंद झाला. ते म्हातारे गृहस्थ कोण, कुठल्या गल्लीतले, हे विचारायचे बाईंच्या ओठांवर आले होते. विचारले असते तर चिमणीने सांगितले असते.