मुदत संपलेलं नाव

साहेबानं माउसवरचा हात काढला आणि खुर्ची मागे सरकवली.

"हे नाव तू उतरव. माझ्या घरचं आहे."

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं वाकून पडद्याकडे बघितलं. देशातल्या सगळ्या वेबसाइटांची नावं याच कार्यालयात नोंदली जात आणि मुदत संपली की इथूनच उतरवली जात. स्वतःच्या आप्ताच्या नावाला कुणी हात लावायचा नाही, हा नियम साहेबानंच घालून दिला होता.

"साहेब, मुदत थोडी पुढे ढकलतो. कोण बघतंय?"

"परवा एक बाई रडत आली होती. तिला नियम सांगून परत पाठवलं मी. आता कुठल्या तोंडानं ढकलू?"

नाव साहेबाच्या मुलाच्या वेबसाइटचं होतं. मुलगा अपघातात गेला त्याला वर्ष होत आलं. नोंद आईवडिलांकडे घ्यायची तर मृत्यूचा दाखला आणि दोघांच्या सहीचा अर्ज लागे. त्याची सही कधीच झाली होती. बायको मात्र अर्जाकडे ढुंकूनही बघत नव्हती. 'मृत' या शब्दाखाली आई सही करते का कुठे, म्हणायची. रोज ती मुलाच्या पत्त्यावर मेल लिहायची: कुकर बिघडला, शेजाऱ्यांची मांजर व्याली. मेल निमूट जायच्या. नाव उतरलं की तो पत्ताही जाईल, हे त्यानं तिला हात जोडून सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

सहकाऱ्यानं बटण दाबलं. साहेब खिडकीबाहेर बघत राहिला. त्याला रडू येत होतं.

घरी पोचला तेव्हा बायको कॉम्प्युटरसमोर होती. आता ही घर डोक्यावर घेणार, या धास्तीनं तो चपला काढत दारातच रेंगाळला.

"इकडे या," ती म्हणाली. "उत्तर आलंय."

त्यानं वाकून वाचलं. तिची मेल परत आली होती. असा पत्ता अस्तित्वात नाही, एवढंच यंत्रानं कळवलं होतं.

"वर्षभर लिहितेय. हूं नाही की चूं नाही. आज निदान कुणी कळवलं तरी." तिनं चष्मा काढून पुसला. "आणा तो अर्ज. करते सही."

अर्ज दिला तर नाव अजूनही परत मिळण्यासारखं होतं. 'करते सही' हे ऐकायलाच त्यानं महिनोन्महिने तिच्या विनवण्या केल्या होत्या. अर्ज बॅगेतच होता. पण तिची सही झाली की त्या 'मृत' शब्दाला नाही म्हणणारं घरात कुणीच उरणार नव्हतं. तो बॅगेचा पट्टा घट्ट धरून उभा राहिला.

"राहू दे गं आज," तो म्हणाला. "उद्या बघू."