असेनथचा गुच्छ

लाइलने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पहिल्यांदा नकाशा पसरला, तेव्हा बेत थेट ऑरेगनपर्यंतचा होता. मिसूरी नदी ओलांडून समुद्रापर्यंत, नवी जमीन शोधायला पश्चिमेकडे निघालेल्यांच्या जुन्या बैलगाड्या गेल्या त्याच वाटेने, आमच्या खटारा पिकअपमधून.

मी म्हटलं, "म्हाताऱ्या, फाटकापर्यंत जाऊन येताना तुला दोनदा बसावं लागतं."

"बैलही बसायचेच की गं, व्हर्ला."

आयुष्यभर धान्याच्या कोठारांवर काम करून त्याच्या फुप्फुसांत आयोवातली निम्मी धूळ जाऊन बसली होती. नाकात नळी, शेजारी चाकांवरचा ऑक्सिजनचा सिलिंडर. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डोंगराळ हवा मुळीच झेपायची नाही. तेव्हा ऑरेगन गेलं, मग वायोमिंग गेलं. लाइल पेन्सिलीने खुणा करायचा आणि मी रबराने पुसायचे. शेवटी नकाशावर एकच टिंब उरलं, नेब्रास्कात, प्लॅट नदीच्या काठी. खरं तर पहिल्यापासून त्याला तिथेच जायचं होतं. बाकीचं सगळं उगाच मिरवणं.

त्या टिंबापाशी असेनथ आहे. लाइलच्या आजीच्या आजीची लेक, चार वर्षांची, वाटेत कॉलऱ्याने गेलेली. त्या काळी पोर भर वाटेतच पुरायचे आणि मागच्या सगळ्या गाड्या वरून हाकायचे. माती दडपली की लांडग्यांना थडगं सापडत नसे. आईला स्वतःची गाडी लेकीवरून न्यावी लागली. पुढे जायचं बळ कुणातच उरलं नाही, म्हणून ते आयोवाला परत फिरले. वाट तीच. दुसऱ्यांदा तिच्यावरूनच.

तेव्हापासून या घरात एक रीत आहे. मेअखेरच्या सोमवारी सगळं गाव आपापल्या थडग्यांवर फुलं वाहतं. आम्हीही वाहतो, पण पिओनीच्या गुलाबी फुलांचा एक गुच्छ राखून ठेवतो. तो घरासमोरच्या खडीच्या रस्त्यावर ठेवायचा, घरातल्या वडीलधाऱ्याने तिचं नाव मोठ्याने घ्यायचं, आणि गुच्छावरून गाडी न्यायची, एकदा जाताना आणि एकदा येताना. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी हे पाहिलं आणि मनात म्हटलं, पडले मी वेड्यांच्या घरात.

सासूबाईंनी मरताना लाइलकडून शब्द घेतला होता, एकदा तरी खऱ्या जागी फुलं ठेवून ये. "जाऊ की," म्हणत त्याने जन्म काढला. आम्हाला मूलबाळ नाही. तो गेला की असेनथ कोण हेही कुणाला ठाऊक असणार नाही.

जागा कुणाच्या तरी शेतात होती, म्हणून मी फोन लावला. माणूस भला वाटला.

"चाकांच्या चाकोऱ्या ना? होत्या हो. लहानपणी आम्ही त्यात सायकली घालायचो."

"होत्या म्हणजे?"

"वडिलांनी सपाट केल्या. गोल फिरणारे पाण्याचे फवारे लावलेत तिथे, आता सगळा मका. पण या ना तुम्ही! कॉफी घेऊ."

"मका बघायला आयोवातून येऊ?" मी म्हटलं आणि फोन ठेवला. त्या बिचाऱ्याची काय चूक? पण राग कुणावर तरी काढायचाच होता.

लाइलपासून मी काही लपवत नाही, जमतच नाही मला. बटाटे सोलता सोलता सांगून टाकलं. तो नकाशाकडे बघत राहिला.

"म्हणजे चांगलीच लपली की पोरगी," तो म्हणाला. "तिच्या आईला तेच हवं होतं."

"उगाच शहाणपणा करू नकोस."

"मग काय करू, सांग." तो नकाशाची घडी घालू लागला. जुन्या घड्या त्याला सापडेनात, म्हणून मीच घालून दिली.

सोमवारी पिओनी कापल्या, मुंग्या झटकल्या. लाइलला पिकअपमध्ये बसवलं, सिलिंडर त्याच्या पायांमध्ये ठेवला. गुच्छ रस्त्यावर ठेवून मी स्टिअरिंगवर बसले आणि वाट पाहू लागले. नाव तोच घेतो, दर वर्षी, शेजारच्या शेतात ऐकू जाईल असं.

त्याने काच खाली केली. "असे..." म्हणाला आणि खोकला सुरू झाला. थांबला, पुन्हा म्हणाला. पुन्हा तिथेच अडलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, आणि ते खोकल्याचं नव्हतं. त्याने माझ्याकडे बघून नाही जमत अशी मान हलवली.

मी या घरची सून, माझ्या रक्ताची कुणी नव्हती ती. पण मीच ओरडले, "असेनथ!" गाडी वरून नेली. टायरखाली काही जाणवलंसुद्धा नाही.

वळणापाशी गाडी फिरवली. लाइलला बोलण्यापुरता श्वास परत आला होता.

"पुढच्या वर्षी तुला एकटीला जमेल ना?"

"जमेल."

"आणि तुझ्यानंतर?"

समोर रस्त्यावर गुलाबी पाकळ्या खडीत चेपल्या होत्या. दोघांनाही दिसत होत्या. मी पाय ब्रेकवरून काढला आणि गाडी त्यांच्यावरून घरी आणली.