झालं म्हणणारी डिस्क

पुतणीचं लग्न झालं आणि तो मुद्दाम गेला नाही, त्या वर्षीच्या एका दुपारी त्याने चालू कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली. पंखा घरघरत थांबला. वायर पुन्हा लावून तो पडद्याकडे बघत बसला, आणि नाकातून हसला.

"खोटारडी. सगळं लिहिलं म्हणाली होती. निम्मं गायब."

"कोण रे?" आईने दारातून विचारलं.

"ही डिस्क. लिहायला दिलेलं पोटात ठेवते आणि आधीच सांगते, झालं! वीज गेली की पोटातलं गेलं. आणि कर्नल लिहिणारे आमचे दीडशहाणे हिच्या शब्दावर जातात."

कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला कारभारी. डिस्कने पोटातलं खरोखर उतरवल्याशिवाय कारभाऱ्याने पुढे सरकायचं नाही, असा बदल तो लिहीत होता. फोनवर त्याचा सहकारी कुरकुरत होता.

"सर, वेग कमी होतो. लोक बोंब मारतील."

"मारू देत. पटकन बोललेलं खोटं तुम्हाला गोड लागतं, एवढंच."

त्याने फोन आपटला. आई अजून दारातच होती.

"थोरल्याला फोन केलास? ऑपरेशन जवळ आलंय. तुझा आवाज ऐकायचाय म्हणतो."

"लग्नाचं तोंडावर आल्यावर कळवलं. आता आवाज हवाय साहेबांना."

"केलास का, तेवढं सांग."

संध्याकाळी करायचं त्याने ठरवलंच होतं.

"केला," तो पडद्याकडे बघत म्हणाला.

"काय म्हणाला?"

"बरा आहे."

आईने सुस्कारा सोडला. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. त्या संध्याकाळी सहकाऱ्याशी पुन्हा वाजलं, दुसऱ्या दिवशी कोड अडला.

आठवड्याने बदल पुरा झाला. सकाळीच त्याने वायर उपटली, लावली. एक अक्षरही हरवलं नव्हतं.

"आई, ये बघायला! आता हिची बिशाद नाही."

आई आली. तिच्या हातात तिचा फोन होता.

"तुझी वहिनी बोलत होती. थोरला आठवडाभर मोबाईल उशाशी घेऊन होता म्हणे. तुझा फोन येईल म्हणून."

त्याने वायर सरळ केली, मग पुन्हा गुंडाळली. आईने त्याच्याकडे पाहिलं, इतके दिवस तो डिस्ककडे पाहायचा तसं, आणि चप्पल घालून एकटीच थोरल्याकडे निघाली.

थोरला त्याच आठवड्यात, शुक्रवारी पहाटे, ऑपरेशनच्या आधी गेला.