पाचवी शिळा

त्या गुरुवारी दुपारी मी घरी गेले, तेव्हा बाबा एका दंतवैद्याची पाटी कोरत होते. घरामागच्या पत्र्याच्या शेडला आम्ही कारखाना म्हणायचो, जरी तिथे काम करणारा माणूस एकच होता. दार सताड उघडं होतं. तरी मी चौकटीवर टकटक केली.

"उघडंच आहे!" बाबा मान वर न करता ओरडले.

हा आमच्या घरचा नियम. छिन्नी दगडावर असताना मागून कुणी अचानक आलं तर हात हलतो, आणि दगडावर खाडाखोड करता येत नाही. म्हणून दार उघडं असलं तरी वाजवायचं आणि आतून आवाज आला की मगच पाऊल टाकायचं. आई चहा आणायची तेव्हा कपावर चमचा वाजवायची.

"या, दुरुस्तीबाई," बाबा म्हणाले. मी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासते, म्हणून हे नाव. "जरा नजर टाक. दातवाल्याची पाटी आहे. नाव चुकलं तर पुढच्या वेळी भूल न देता दाढ काढेल."

मी पाटी वाचली. सगळं बरोबर होतं. बाबांच्या कामात मला कधी चूक सापडली नाही. एक सोडून, आणि तिच्याबद्दल मी सात वर्षं अवाक्षर काढलं नव्हतं.

बाबांनी दगडावरची भुकटी फुंकली. मग हातोडी खाली ठेवून म्हणाले, "तुला मला काही विचारायचंय का गं?"

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलही. आता मी काही कामाच्या गडबडीत नाही."

"नाही हो. काय विचारायचंय?"

"बरं," ते म्हणाले आणि पुन्हा छिन्नी उचलली. मी चहा घेतला, आईशी पडद्यांच्या कापडावरून वाद घातला आणि पाचच्या बसने निघाले. शुक्रवारी सकाळी आईने हाक मारली, तर बाबा उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्यांना काही कळलंही नसेल. पाटीवर दातवाल्याच्या पदव्या तेवढ्या कोरायच्या राहिल्या.

ती एक चूक म्हणजे बंदरावरची भिंत.

बाबा सव्वीस वर्षांचे होते तेव्हाची गोष्ट. त्याआधीच्या वाईट वर्षांत हजारो माणसं देश सोडून गेली होती. कुणी भीतीने, कुणी रागाने, कुणी निव्वळ पोटासाठी. मग नवे राष्ट्राध्यक्ष निवडून आले आणि त्यांनी रेडिओवर एक भाषण केलं. त्यातलं एक वाक्य बंदरावरच्या नव्या आगमन-दालनात कोरायचं ठरलं, म्हणजे बोटीतून उतरणाऱ्याला सगळ्यात आधी तेच दिसावं. काम बाबांना मिळालं. भिंतीवर आजही करड्या दगडाच्या चार शिळा आहेत, आणि त्यांवर वीतभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं आहे: निघून गेलेल्यांसाठी दार उघडे ठेवा.

हे वाक्य पुढे कुठे कुठे गेलं, त्याला गणतीच नाही. आम्हाला ते शाळेत पाठ होतं. न्यायाधीशांनी ते निकालपत्रात घातलं, एकमेकांचं तोंडही न पाहणाऱ्या दोन पक्षांनी ते एकाच निवडणुकीत वापरलं, आणि एका बिजागऱ्यांच्या कंपनीने तर थेट जाहिरातीत छापलं. आमच्या घरी आई ते टोमणा म्हणून वापरायची. कारखान्याची धूळ स्वयंपाकघरात आली की ती ओरडायची, "अहो, निघून गेलेल्यांसाठी ठेवा हो, धुळीसाठी नको!"

सात वर्षांपूर्वी आमच्या संस्थेने राष्ट्राध्यक्षांच्या निवडक वचनांचं पुस्तक काढायचं ठरवलं. प्रत्येक वचन मुळाशी ताडून पाहायचं काम माझ्याकडे आलं. महिनाभर मी अभिलेखागारात बसून जुनी भाषणं वाचली आणि चांगलीच चक्रावले. एक गाजलेलं वचन बोलले होते भलतेच राष्ट्राध्यक्ष. दुसरं त्यांच्या सचिवाचं निघालं. तिसऱ्यातला जो शब्द लोकांना सगळ्यात जास्त आवडतो, तो मुळात नव्हताच. माणूस एखादं वाक्य बोलून जातो आणि पुढची पन्नास वर्षं लोक त्याला हाताळून हाताळून आपल्या मुठीत बसेल असं करतात. याचं मला वाईट वाटत नव्हतं, उलट गंमत वाटत होती. मग रेडिओवरच्या त्या भाषणाचं टंकलिखित हातात आलं.

निघून गेलेल्यांसाठी दार उघडे ठेवा. मात्र ते त्यांनी स्वतः वाजवावे.

मी ते तीनदा वाचलं. लगेच डोळ्यांपुढे बंदरावरची ती भिंत आली. चार शिळा डावीकडे सरकलेल्या आणि उजवीकडे एका शिळेएवढी मोकळी जागा. लहानपणी ती जागा मला वाक्यानंतरच्या शांततेसारखी वाटायची. आणि मग आठवलं की बाबा त्या दालनात कधीच येत नसत. शाळेची सहल गेली तेव्हा सगळ्यांचे पालक आले, बाबा आले नाहीत. पुढे मावशी बोटीने आली, तर तिला आणायला आईला पाठवलं आणि स्वतः बाहेर फाटकाशी उभे राहिले. कुणी त्या कामाचं कौतुक केलं की ते विषय बदलायचे.

माझी खात्रीच पटली. बाबांनी देशाचं वाक्य अर्धवट कोरलं होतं, ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि ते आयुष्यभर पकडले जाण्याच्या भीतीत जगत होते.

पुस्तकात मी वाक्य भिंतीवर आहे तसंच छापू दिलं. तळटीप दिली नाही. माझ्या धंद्यात याला पाप म्हणतात. पुस्तकाची एक प्रत बाबांना दिली. त्यांनी ती चाळली, त्या पानावर थोडं जास्त थांबले आणि म्हणाले, "छपाई छान आहे." एवढंच.

बाबा गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात अभिलेखागारातल्या बाईंचा फोन आला. मी तिथे महिनाभर बसले होते, त्यामुळे ओळख होती.

"तुमच्या वडिलांचं कळलं. वाईट झालं," त्या म्हणाल्या. "आत्ता फोन करावा की नाही, कळत नव्हतं. त्या शिलालेखाला पन्नास वर्षं होतायत, आम्ही प्रदर्शन मांडतोय. राष्ट्राध्यक्षांच्या सचिवाची नोंदवही आता खुली झालीय. त्यात तुमच्या वडिलांचा उल्लेख आहे."

"कसा उल्लेख?"

"फोनवर नको. मांडण्याआधी घरच्यांनी बघावं, असं मला वाटतं."

मी बुधवारी येते म्हणून सांगितलं. आईला त्यातलं काहीच सांगितलं नाही.

मंगळवारी मी कारखाना आवरायला घेतला. नुसतं बसवत नव्हतं म्हणून. बाबांचं कामाचं मेज म्हणजे दोन लाकडी घोड्यांवर आडवी टाकलेली एक जाड करडी शिळा. माझ्या जन्माआधीपासूनची. तिच्यावर त्यांनी दुकानांच्या, दवाखान्यांच्या, वकिलांच्या किती पाट्या कोरल्या असतील कोण जाणे. खालची भुकटी झाडताना माझा हात शिळेच्या खालच्या बाजूला लागला, आणि बोटांना खाचा जाणवल्या.

मी विजेरी आणली आणि पन्नाशीला टेकलेली बाई म्हणून शोभणार नाही अशी मेजाखाली उताणी शिरले. वर अक्षरं होती. वीतभर उंच. मात्र ते त्यांनी स्व... इथपर्यंत. तिथून एक तडा शिळेच्या कोपऱ्यापर्यंत गेला होता. दगडात कुठेतरी शीर होती, बाहेरून न दिसणारी, आणि छिन्नी नेमकी तिच्यावर बसली होती.

म्हणजे आळस नव्हता, विसरही नव्हता. दगड फुटला होता. मला जरा हायसं वाटलं, पण जराच. फुटला, तर सांगायला हवं होतं. ती अक्षरं खाली तोंड करून लपवली होती, आणि पन्नास वर्षं बाबा त्यांच्याच पाठीवर काम करत होते.

बुधवारी मी मनाशी ठरवून गेले. बाबांवर काही आलं, तर सात वर्षांपूर्वी हे मला कळलं होतं आणि मी दाबलं, हेही सांगायचं. दोघांची नावं एकदमच लिहू देत पाटीवर.

बाईंनी नोंदवही माझ्यापुढे उघडून ठेवली. अक्षर बारीक आणि नीटस होतं. तारीख उद्घाटनाच्या आदल्या दिवशीची.

"सायंकाळी सहा. बंदरावरील अक्षरे कोरणारा कारागीर भेटीस आला. वेळ घेतलेली नव्हती. फाटकावर त्यास दोनदा परत पाठवले, तरी गेला नाही. म्हणाला, माझ्या हातून शेवटची शिळा फुटली, दुसरा दगड उद्यापर्यंत मिळत नाही, हे मी स्वतःच सांगितले पाहिजे. अध्यक्षांनी उरलेले वाक्य वाचायला सांगितले. त्याने वाचले. अध्यक्ष बराच वेळ हसले. म्हणाले, उघडे दार कोण वाजवतो? माझ्या लक्षात कसे आले नाही! भाषणाची प्रत मागवून उत्तरार्धावर रेघ मारली. कारागिरास म्हणाले, वाक्य माझे होते आणि ते मीच तोडले आहे. तू कुठे बोलू नकोस, नाहीतर माझ्याहून तुझे नाव मोठे होईल. कारागिराने शब्द दिला. त्यास चहा देण्यात आला."

शेजारी भाषणाची ती प्रत होती. हिरव्या शाईची रेघ आणि समासात आद्याक्षरं. मी सात वर्षांपूर्वी पाहिली ती दुसरी प्रत होती, रेडिओ केंद्राची.

"घ्या," म्हणून बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी रडत होते हे मला त्यावरून कळलं.

"हे जर तसंच राहिलं असतं ना," त्या म्हणाल्या, "तर लोकांनी त्या दुसऱ्या भागावरच बोट ठेवलं असतं. परत आलेल्या माणसाला दारात उभं करून विचारलं असतं, नीट वाजवलंस का? पुन्हा वाजव. इथल्या फायलींवरून सांगते, काही अधिकारी त्यासाठी टपलेलेच होते."

मी त्यांना माझ्या पुस्तकाचं सांगितलं. तळटीप न देण्याचं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्ही चुकून बरोबर छापलंत," त्या म्हणाल्या. "पुढच्या आवृत्तीत द्या की तळटीप. आमच्या नोंदवहीचा पान क्रमांक घाला म्हणजे झालं."

बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. कितीतरी दिवसांनी मला भूक लागली होती.

आई भाजी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. तिने एकदाही हात थांबवला नाही.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"अगं, त्या गोष्टीवर तर मी लग्न केलं. फाटकावरून दोनदा हाकलला तरी गेला नाही, असा माणूस संसारात टिकेल म्हटलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"शब्द दिला होता त्यांनी. मी बायको, माझी गोष्ट वेगळी. पुढे ते राष्ट्राध्यक्ष वारल्यावर बाबा सांगणार होते तुला. तेवढ्यात तुझं ते पुस्तक आलं." आई आता हसायला लागली. "पान बघितलं आणि मला म्हणाले, पोरीने मूळ वाचलंय गं. वाचून गप्प बसलीय. बापाची अब्रू राखतेय. आता हिला खरं सांगितलं, तर उगाच बापावर संशय घेतला म्हणून हिचाच जीव खाली-वर होईल. म्हणाले, ती विचारेल तेव्हा सांगेन."

"मग ते बंदरावर का जायचे नाहीत? मला वाटायचं, लाजेने."

"लाज कसली! त्या समासाने त्यांचं डोकं उठायचं. पाच शिळांची मांडणी, लावल्या चार. डावीकडे झुकलंय सगळं. हलवायला रात्र अपुरी पडली. म्हणायचे, सगळं जग वाक्य वाचतं आणि मला फक्त ती उजवीकडची जागा दिसते."

मी हसले. आवाज करून, डोळे पुसत. आईने निवडलेली भाजी माझ्या पुढ्यात सरकवली आणि म्हणाली, "जा, त्या दातवाल्याचा फोन आला होता. पाटी तशीच घेऊन जातो म्हणतोय, पदव्यांशिवाय. काढून ठेव पुसून."

मी मागे गेले. कारखान्याचं दार उघडं होतं. पाटी मेजावर होती, छिन्नी तिच्या शेजारी, आणि मेजाच्या पोटाखाली ते अर्धं वाक्य. मी चौकटीपाशी थांबले आणि टकटक केली.

आतून आवाज आला नाही. मी थोडी थांबले, सवयीने. मग पाऊल आत टाकलं आणि मोठ्याने म्हणाले,

"बाबा, विचारायचं होतं मला. सात वर्षं विचारायचं होतं. तुम्ही कुणाला सांगितलं नसेल असं वाटलं मला, म्हणून विचारलं नाही. चुकलं माझं."