दहा मार्चचा भोंगा

"बटण दाब, एक श्वास घे, मग बोल. घाई केलीस तर पहिला शब्द हा गिळून टाकतो." मला नव्या माणसाच्या हाती देताना आमच्या मंडळाचे चंद्रशेखरकाका हे हमखास सांगत.

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. हातात धरायचा, बॅटरीवर चालणारा. कारखान्यातून निघालो तो एका शाळेच्या पोहण्याच्या तलावावर गेलो. क्लोरीनच्या वासात मुलांवर ओरडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पुढे तिथल्या मास्तरांनी मला घरापुढे जुन्या सामानात विकायला मांडलं आणि मेरीलँडमधल्या एका लहान गावाच्या महाराष्ट्र मंडळाने मला आपलं म्हटलं.

मंडळात माझे लाड झाले. गणपतीच्या मिरवणुकीत पार्किंग लॉटमध्ये मी सगळ्यांच्या पुढे. "निळ्या गाडीचे दिवे चालू राहिलेत" हेही मीच सांगायचं. विसर्जनानंतर पद्मजाकाकू मला मऊ फडक्याने पुसून आपल्या बेसमेंटमध्ये ठेवत. मंडळाचं सगळं सामान त्यांच्याकडेच असे.

१९८७ सालच्या फेब्रुवारीत तिळगुळाचा कार्यक्रम आटोपून काकू थेट टाउन हॉलमध्ये गावाच्या सभेला गेल्या. मी पिशवीत, त्यांच्या मांडीवर. त्यांच्या हॉस्पिटलातली कृष्णवर्णीय नर्स लॉरेन तिथे बोलायला उभी होती. हॅरिएट टबमन याच राज्यात गुलाम म्हणून जन्मली. ती पळून सुटली, आणि जिवावर उदार होऊन पुन्हा पुन्हा परत आली, इतर गुलामांना सोडवायला. दहा मार्च हा तिचा स्मृतिदिन. त्या दिवशी गावाने सुट्टी द्यावी, एवढंच लॉरेनचं मागणं होतं.

"ती कायदा मोडत होती," एक गृहस्थ बसल्या जागेवरून म्हणाले. "तेव्हाच्या कायद्याने ती चोरीच. मुलांना हे शिकवायचं?"

"चोरी कशाची?" लॉरेनने विचारलं. "माझ्या पणजीची?"

सभेच्या अध्यक्षांनी हॉलचा माईक बंद करायला लावला. लॉरेनचे ओठ हलत राहिले. "मोठ्याने बोल, हनी, ऐकू येत नाही," मागून कोणी म्हणालं आणि अर्धा हॉल हसला. मित्रांनो, ओरडणं मी जन्मभर ऐकलं आहे. त्याने कुणाचं फारसं बिघडत नाही. ते हसणं मात्र मला सहन झालं नाही.

बाहेर पायरीवर काकूंनी तिचा हात धरला. "दहा मार्चला समोरच्या हिरवळीवर बोल. भोंगा मी आणते. शब्द देते."

"तिथे निदान बटण त्यांच्या हातात नसेल," लॉरेन म्हणाली.

बातमी मंडळात पोचायला वेळ लागला नाही. चंद्रशेखरकाका आणि मंडळातल्याच रेखामावशी बेसमेंटचा जिना उतरून आले ते कोटही न काढता.

"पद्मजावहिनी, तुम्ही रोज पोथी वाचणाऱ्या बाई. या भानगडीत कुठे पडता?"

"पोथी वाचते म्हणूनच."

"गणपतीला तोच हॉल लागतो आपल्याला. त्यांनी कॅन्सल केला तर मूर्ती काय तुमच्या गराजमध्ये बसवायची?"

"बसवू की. झाडून घेईन."

"आपण इथे पाहुणे आहोत, वहिनी."

"दरवर्षी टॅक्स भरणारा पाहुणा कुठे पाहिलात?"

मग रेखामावशी बोलल्या. "तुझं ठीक आहे. तुझी विनीता गेली कॉलेजात. माझा श्रीरंग इथल्याच शाळेत जातो. परवाच त्याचं दप्तर चिखलात टाकलं पोरांनी. उद्या तुझ्यामुळे त्याला मारलं तर?"

 

काकांनी मला उचललं, मागचं झाकण उघडलं आणि सगळ्या बॅटऱ्या काढून कोटाच्या खिशात टाकल्या. "मंडळाची वस्तू आहे ही," एवढं बोलून ते निघाले. ज्यांनी मला मंडळात बोलतं केलं, त्यांनीच मला रिकामं केलं. रंगाच्या डब्यांमागे मी पालथा पडून राहिलो. धूळ साचत गेली.

मित्रांनो, वापरून झिजण्याचं आम्हाला दुःख नसतं. वस्तू जपा, पुसा, जागेवर ठेवा; पण कुणाच्या धाकाने तिला मुकी करू नका. माणसांचंही तसंच असावं, असं मला वाटतं.

दहा मार्चला सकाळी काकूंनी देवापुढे दिवा लावला. एरवी त्या टेपरेकॉर्डरवर स्तोत्राची कॅसेट लावत आणि तिच्या मागोमाग म्हणत. त्या दिवशी त्यांनी टेपरेकॉर्डर उलटा केला, त्यातल्या बॅटऱ्या माझ्यात घातल्या आणि स्तोत्र तोंडपाठ म्हणायला बसल्या. मध्येच एका ओळीला अडल्या. मग पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, नेम पुरा केला, आणि फोन उचलला.

"चंद्रशेखरराव, भोंगा घेऊन जाते आहे. चोरून नेत नाही, म्हणून सांगते. उद्यापासून मंडळाचं सामान दुसऱ्या कुणाकडे ठेवा. आणि रेखाला निरोप द्या, श्रीरंगला आजपासून शाळेतून मी आणत जाईन. दारापर्यंत."

पलीकडून काका बराच वेळ बोलत होते. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "बरं," त्या म्हणाल्या, आणि फोन हलकेच ठेवला.

बाहेर बोचरा वारा होता. काकूंनी माझ्यावरची धूळ पुसली, मला शालीत गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवलं आणि गाडी टाउन हॉलच्या रस्त्याला घातली.