चाळीस वेळा लावलेला कौल

देवळ्याच्या सिंधुबाईंनी कांद्याची चाळ उघडून दाखवली, तेव्हा आभाला नाकाला ओढणी लावावी लागली. निम्मा कांदा सडून त्याला पाणी सुटलं होतं.

"मॅडम, माझं काय चुकलं तेवढं सांगा," सिंधुबाई म्हणाल्या. "तुमची पूड कागदावर लिवली तशीच मारली. एक थरबी सोडला नाय."

आभा नाशिकच्या एका संशोधन संस्थेत आकडेमोड बघायची. मार्चमध्ये गावच्या मंडपात तिनेच माईक धरून सांगितलं होतं, की ही पूड मारली तर कांदा दिवाळीपर्यंत टिकतो, शास्त्राने सिद्ध झालंय. सिंधुबाईंचे यजमान पुंजाबाबा यांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. लवकर विकून मोकळे होऊ, म्हणत होते. सिंधुबाई हटून बसल्या. शिकलेली पोर खोटं कशाला बोलेल, हा त्यांचा सवाल. दिवाळीत चाळ उघडली, त्या दिवसापासून पुंजाबाबा बायकोशी एक अक्षरही बोलले नव्हते. भाकर वाढली तर खात, पाणी दिलं तर पीत.

आभाच्या पिशवीत संस्थेतले तिचे वरिष्ठ वेणीमाधव सर यांनी छापून दिलेला कागद होता. 'पूड सूचनेप्रमाणे वापरली नाही.' खाली सिंधुबाईंची सही झाली, की ही चाळ मोजणीतून गळणार आणि यंदाचाही निकाल चांगला दिसणार. सर दुष्ट नव्हते. निवृत्तीला आठ महिने उरलेले आणि नावावर धड काही नाही, एवढंच. पण भल्या माणसाची लबाडी पकडायला फार उशीर होतो, ही खरी अडचण.

शिवाय पुडीच्या चाचणीच्या पहिल्या वर्षी जे झालं, ते आभाच्याच हातून झालं होतं. आधी सड तपासली, फरक नाही. वजनातली घट तपासली, फरक नाही. मग कोंब, मग बुरशी, मग रंग. मग प्रत्येक तालुका वेगळा काढून, प्रत्येक महिना वेगळा काढून. चाळीस तपासण्या झाल्या. वीसदा पाहिलं तर एखाद्या वेळी नुसत्या नशिबानेही फरक दिसतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. चाळिसात एकदा दिसला: देवळ्यात, तिसऱ्या महिन्यात, कोंब कमी. "मिळालं!" सर म्हणाले. उरलेल्या एकोणचाळीस तपासण्या कुणाला सांगितल्याच नाहीत. लेखावर पहिलं नाव आभाचं होतं. ती गप्प बसली.

"आणा, कुठं सही करू?" आभाने कागद वाचून दाखवला, तसे सिंधुबाईंनी पदराला हात पुसले. "माझाच हात चुकला असंल. शास्तर कसं चुकंल?"

आभाला भडभडून आलं. लाज वाटली, स्वतःचा संताप आला.

"मावशी, हात तुमचा नाही चुकला. माझा चुकला," ती म्हणाली, आणि तिथेच ओट्यावर बसून तिने चाळीसही तपासण्यांची गोष्ट सांगून टाकली. पलीकडे पुंजाबाबा बिडी विझवून ऐकत होते.

सिंधुबाई ऐकता ऐकता तिच्याशेजारी टेकल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे देवीला कौल लावायचा, आन् फूल उजवं पडंस्तवर लावतच ऱ्हायचा?"

"हो."

"आमच्यात एकदाच लावत्यात. डावं पडलं तर डावं."

"पोरीला पानी दे," पुंजाबाबा बायकोला म्हणाले. दिवाळीनंतरचे त्यांचे हे पहिले शब्द. सिंधुबाईंचे डोळे भरले, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

"मंडपात सांगितलं व्हतं ना? मंडपातच सांग," त्या आभाला म्हणाल्या. "चार लोकांत मी येडी ठरले. चार लोकांतच बोल."

"मावशी, माझी नोकरी जाईल."

"जाईल," सिंधुबाई म्हणाल्या. "माझा कांदाबी गेला."

मंडपासाठी शनिवार ठरला.