दादाचं बघणं

दादाच्या तोंडी कायम एकच शब्द असे, "बघतो." नळ गळतोय? बघतो. दाराची बिजागरी निखळलीय? बघतो. आणि तो खरोखरच बघायचा. कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून, चांगली दोन मिनिटं. मग चहा प्यायला जायचा. घरच्यांना त्याचा हा गुण चांगलाच पाठ होता. खाडीकाठच्या बोट क्लबला तो माहीत नव्हता, म्हणून त्यांनी दुरुस्तीचं सगळं काम त्याच्या गळ्यात घातलं होतं. शिकाऊंच्या बारा कयाक, म्हणजे वल्ह्याच्या निमुळत्या नावा, आणि तेरावी धाकटीची.

धाकटी म्हणजे त्याची सख्खी बहीण. पडद्यांच्या दुकानात दिवसभर शिलाई मशीनवर मान मोडायची आणि उरलेल्या वेळात पाण्यावर असायची. कयाकचं छोटं शीडही तिने स्वतःच शिवलं होतं, दुहेरी टीप मारून. यंदा तिला कयाक शिकवण्याचा परवाना हवा होता. तो मिळाला की दुकान सुटणार होतं. पडद्यांना चुण्या घालून घालून तिचा जीव विटला होता. परीक्षा एवढीच होती, एकटीने शीड लावून खाडी ओलांडायची आणि परत यायचं.

"दादा, सुकाणूची पिन खडखडतेय रे. बघशील?" तिने आठवडाभर आधी विचारलं होतं.

"बघतो."

आदल्या दिवशी तिने फोन केला. "बघितलीस का पिन?"

"बघितली म्हटलं ना! किती वेळा विचारशील?"

इथे खरं तर तिने शहाणं व्हायला हवं होतं. पण परीक्षेच्या धास्तीत माणूस आपल्याच भावाची उलटतपासणी घेत बसत नाही.

जाताना सगळं झकास झालं. परतीच्या वाटेवर, खाडीच्या ऐन मध्यावर, मागे 'टक्' असा आवाज झाला आणि पायाखालचे सुकाणू वळवायचे दोन्ही पेडल एकदम ढिले पडले. तिने मान वळवली. पिन तुटली होती आणि सुकाणूचं पातं दोरीला लोंबकळत पाण्यात फरफटत होतं. कयाकने गर्रकन वाऱ्याकडे तोंड फिरवलं, शीड फडाफडा आपटायला लागलं, एक लाट सरळ मांडीवर आली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बघितली म्हणे!" ती भर खाडीत ओरडली. ऐकायला एक पाणकावळा तेवढा होता.

शिव्या घालतच तिने हात चालवले. शीड अर्धं गुंडाळलं. दोरी ओढून लोंबतं पातं वर घेतलं, नाहीतर ते नावेला मागे खेचत राहिलं असतं. वल्हं मागच्या बाजूला पाण्यात उभं धरलं, काखेत दाबलं, आणि त्याचंच सुकाणू केलं. नाव भलतीकडे वळली की अंग कलतं करून तिला ताळ्यावर आणायची. अर्धा तास. खांदा भरून आला, तळहात सोलले, पण कयाक धक्क्याला लागली ती बरोब्बर ठरलेल्या पायरीपाशी.

परीक्षक बाई हातात कागद घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या मागे दादा, आणि त्याच्या मागे दुपारच्या वर्गाचे शिकाऊ, लाइफ जॅकेटं घालून तयार.

"नाव हाताळण्याचे पूर्ण गुण," बाई म्हणाल्या. "आता शेवटचा प्रश्न. पाण्यात उतरण्याआधी सुकाणू तपासलं होतं?"

धाकटी दादाकडे वळली. "पिन बघितली होतीस ना तू?"

"बघितली की! चांगली निम्मी झिजलेली होती."

"मग बदलली का नाहीस?"

"तू बघ म्हणालीस. बदल कुठे म्हणालीस?" आणि तिच्या कानाशी येऊन पुटपुटला, "अगं, तपासलं होतं म्हणून टाक. मीही हो म्हणतो. तुझा परवाना झाला, माझंही निभावलं."

काय माणूस आहे! बहीण बुडता बुडता वाचलीय, आणि हा आपली कातडी वाचवतोय. पण हो म्हणायला लागणार होता एकच क्षण, आणि दुकान कायमचं सुटणार होतं. तिलाही मोह झाला, खोटं कशाला सांगा. मग तिची नजर शिकाऊंवर गेली. त्यांतला एकजण काठावरची कयाक पाण्याकडे ढकलायला लागला होता.

"थांबा!" ती किंचाळली. "बाई, मी तपासलं नव्हतं. आणि या बाराही कुणी तपासलेल्या नाहीत. नुसत्या बघितल्यात."

बाईंनी कागदावर 'नापास' लिहिलं, दुपारचा वर्ग रद्द केला आणि परवान्यासाठी पुढच्या वर्षी या म्हणून सांगितलं.

"घरचंच माणूस उलटलं," दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

धाकटीने त्याच्या पिशवीतून पक्कड काढून घेतली आणि ओल्या कपड्यांनिशी पहिल्या कयाकपाशी बसली. उद्या सकाळी दुकानात बारा खिडक्यांचे पडदे तिची वाट बघत होते. पहिली पिन ठीक निघाली. दुसरीही. तिसरी नुसती ओढताच अर्धी तिच्या चिमटीत आली.

दादा कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून उभा होता. "मी काय करू?" त्याने विचारलं.

"तू बघ," ती म्हणाली. "तेवढंच येतं तुला."